जीप, गॅरेज, आणि दिग्विजयला काही नाही

मी, आकाराम ज्ञानू बर्गे, वय ६७, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहितो. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर आणि बँकेतल्या ठेवी पत्नी राणी हिला. वर्षभर तिने माझ्या ताटासमोर दिग्विजयचं कौतुक केलं, तरीही.

२. जुनी टर्बो डिझेल जीप कन्या दीपमाला हिला. ही जीप चढाला ओढेना, काळा धूर ओके. मी फिल्टर बदलले, इंजेक्टर तपासले, टर्बोसुद्धा खोलला. गाडी दारात उभी करायची, लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला टेकवून मूठ कानाला लावायची आणि रोग सांगायचा, ही माझी पद्धत. त्यावर तालुक्यात नाव कमावलं. दीपमाला म्हणाली, "आबा, चढाला शिट्टी वाजतीया बगा." मी म्हणालो, "गप गं, तुला काय कळतंय?"

मग तिने मला न विचारता जीप सांगलीला नेली, विश्रामबागेत, दिग्विजय मानेकडे. हा माझ्याच हाताखाली शिकलेला, तीन वर्षांपूर्वी गेलेला. त्याच्याकडे संगणकाचं मशीन आहे. त्याने ते लावलंच नाही. तिला शेजारी बसवून पुलाच्या चढावर गाडी नेली आणि विचारलं, "कुठनं येतीया शिट्टी, ताई?" टर्बोचा रबरी पाइप खालून चिरला होता. उभ्या गाडीत चीर मिटलेली, जोर आला की फाकायची आणि हवा निसटायची. पाव तासात सापडलं. मशीनने शोधलं असतं तर मशीनला शिव्या घातल्या असत्या. त्याने माझ्या पोरीला विचारलं! जळलो. अजून जळतोय.

३. सगळे पाने, जॅक, हत्यारं दीपमालाला. दिग्विजयला एक नटसुद्धा नाही. साक्षीदाराने लाभार्थी असू नये असं वकीलबाई सांगतात, म्हणून साक्षीला मुद्दाम त्यालाच बोलावलंय.

४. गॅरेज दीपमालाला, ~~तिने दिग्विजयबरोबर काम करू नये या अटीवर~~. (अट खोडली. आ. ज्ञा. ब.)

अट तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग नको मला गॅरेज. तुमी ऐकलं असतं तर मी कशाला सांगलीला गेले असते?"

दीपमाला, ती शिट्टी मला ऐकूच आली नाही. उजवा कान सहा वर्षांपूर्वी गेला, डावाही चाललाय. कानावर पोट भरणाऱ्याने हे कुणाला सांगायचं? गॅरेज तुझं. कुणाबरोबर चालवायचं ते तू ठरव.

५. सहीआधी दिग्विजयने हे सगळं वाचलं. म्हणाला, "वस्ताद, मला ठावं हुतं. म्हणून तर शेवटची तीन वर्षं मी तुमच्या डाव्या अंगाला हुबा ऱ्हायचो."

एवढं ठाऊक असून गावात एका शब्दाने बोलला नाही. याचाही मला रागच येतो. साक्ष मात्र त्याचीच ठेवावी.

ठिकाण : कोरेगाव
दिनांक : २० नोव्हेंबर २०२४

सही : आकाराम ज्ञानू बर्गे

आमच्या दोघांसमक्ष सही केली :
१. ॲड. रेश्मा साळुंखे, सातारा
२. दिग्विजय माने, विश्रामबाग, सांगली