आधी गोठा, मग घर

पुष्कर,
आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव. दादांचा फोन होता, पुण्यात आपल्या बंगल्याच्या फरश्या बसवायला घेतल्यात.

टेबलावरचं ईशानीचं प्रोजेक्ट हलवू नकोस, ग्लू ओला आहे. अमेरिकेत आलेल्या जुन्या काळच्या जर्मन शेतकऱ्याचं आहे. ते लोक म्हणे आधी गुरांसाठी मोठा दगडी गोठा बांधायचे आणि स्वतः वर्षानुवर्षं एका खोलीच्या खोपटात काढायचे. "लाइक अस?" तिने विचारलं. मी म्हटलं, बाबाला विचार.

आम्ही दोघी मार्कहॅमचं ते तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट बघायला चाललोय. आवडलं तर हो म्हणून येईन. या बेसमेंटमध्ये मी आणखी एक विंटर काढणार नाही.

ईशानीच्या पुठ्ठ्याच्या खोपटाला खिडकी नव्हती. मी कापून दिली.

प्रमोदिनी