हातानं बांधलेलं चाक

पळसदरी, जानेवारी १९७६

प्रिय हिरू,

तुझं पत्र पोचलं. घाटाच्या शर्यतीत तुझं नाव लागलं हे मी वाचून दाखवलं, तसे तुझे काका खाटेवर उठून बसले. म्हणाले, "परत वाच गं तेवढंच." तेवढंच परत वाचलं. पुढं तू विचारलंयस, क्लबवाले कारखान्यातली तयार चाकं देतायत, ती घेऊ का काकांकडून बांधून घेऊ. तेही वाचलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

काकांचं उत्तर तुला मी काय सांगावं! "कारखान्याचं चाक म्हंजे पंगतीतला भात. जेवणारा पैलवान हाय का आजारी, कोण बघतो?" आणि हातचं चाक म्हणजे घरचा भात, खाणाऱ्याचं पोट बघून शिजवलेला. कळंबचा धाऊ दूधवाला चाक बांधायला आला की हे आधी विचारायचे, किटल्या किती लादतोस, रस्ता कुठला, कुठल्या अंगाला जास्त वजन. मगच तारा ओवायला घ्यायचे. धाऊ करवादायचा, "मिस्त्री, मला चाक पायजे, सोयरीक नाय जुळवायची!" पण वर्षानुवर्षं आला बिचारा, दुसरीकडं गेला नाही. तूही घाट पहिल्यांदा चढलास तो ह्यांच्याच चाकांवर. ते सांगायला आलास तेव्हा सायकल अंगणात आडवी टाकून आत धावलास, आणि हे तुझं कौतुक करायचं सोडून आधी सायकल उचलायला गेले होते.

दिवाळीनंतर ह्यांच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं, ते मी कळवलं होतं. बोलणं सुधारलं, काठी धरून दुकानापर्यंत जातात, हेही कळवलं. हाताचं लिहिलं नव्हतं. डावा हात उचलतो, धरतो, पण त्याला काही कळत नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता हे असंच राहील. ह्यांना मी सांगितलंय की उन्हाळ्यापर्यंत येईल. ऊन पडलं की हात उन्हात धरून बसतात.

तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पुढचं चाक बांधायला घेतलं. तुला ठाऊक आहे, डोळ्यांपुढं धुकं आलं तेव्हापासून हे चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, नजरेनं काढत नाहीत. डाव्या अंगठ्याचं नख रिमपाशी धरायचं, चाक फिरवायचं, जिथं नखाला घासेल तिथली तार आवळायची. ह्या वेळीही तसंच केलं. मी चहा घेऊन गेले तर अंगठ्याचं सालटं निघालेलं, रिमला रक्त लागलेलं, आणि हे हसून म्हणतात, "बघ गं शकू, कुठंच लागत नाय." चाक माझ्या डोळ्यांदेखत साप जावा तसं हलत होतं. मी अंगठ्याला हळद लावली. म्हटलं, खडू धरून बघा एकदा, घासेल तिथं खूण तरी उमटेल. तर म्हणाले, "खडू नवशिक्यानं धरावा."

दुपारी ते झोपल्यावर मी तारा आवळायची चावी घेऊन बसले. जन्मभर बघत आले, म्हटलं जमेल. एक तार आवळली तर पलीकडची बाजू पळाली, ती ओढली तर चाक अंड्यासारखं झालं. मग निदान पहिल्यासारखं करून ठेवावं म्हटलं, तेही साधलं नाही. संध्याकाळी ह्यांनी परत फिरवलं, अंगठा लावला. म्हणाले, "तसंच्या तसं हाय. हिरू वाऱ्यासारखा उतरंल बघ." आता मागचं चाक घेतलंय.

बाबा, ह्या चाकांवर तू घाट उतरायचा नाहीस. घेऊन माळ्यावर टाकशील असंही मनात आलं होतं, पण शर्यतीला हे घाटात येऊन उभे राहणार म्हणतात, आणि तू घेतलीस म्हटल्यावर धाऊसुद्धा बांधून मागेल. तेव्हा त्यांना पत्र लिही, की मला कारखान्याचीच चाकं हवीत. क्लबवर ढकलू नकोस, हे काठी टेकत क्लबशी भांडायला निघतील. तुलाच ती जास्त आवडली असं लिही. फार लागेल त्यांना. दुकानाच्या फळ्या बहुतेक परत निघायच्या नाहीत, आणि मग दिवसभर ह्यांनी करायचं काय, ह्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. शोधून झालं. मीच मनानं रचून वाचलं असतं, पण माझा आवाज जरा बदलला की ते पकडतात. म्हणून पत्र तुझंच हवं. मागचं चाक पुरं व्हायच्या आत पाठव. आणि माझं हे पत्र मिळाल्याचं एक अक्षरही त्यात घालू नकोस, मला गाळून वाचता येत नाही.

तुझीच,
शकूकाकी