सुट्टीवर गेलेला आवाज

चि. सौ. कुंदाबाई,
झुलालनानाचा आशीर्वाद घे. पितांबर पाहुण्यांना रामराम. तिकडे धुळ्याला सगळे धडधाकट आहात असं मी धरून चालतो, विचारत बसायला सवड नाही.

माझ्या गळ्याचं ऐकून तू रडलीस असं आमचा पोरगा अभिमन सांगत होता. रडायचं काही कारण नाही. आवाज बसला, तो मला वाटलं चुडामणवर वरडून बसला (हा आपला सालदार वरडल्याशिवाय पाणी वळवत नाही). जळगावच्या डॉक्टरने आरसा घालून पाहिलं, तर आत बाजरीच्या दाण्याएवढा कॅन्सर. म्हणे सुरुवातीलाच सापडला, शेक दिला की जाईल. शेक म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी घरून वीट आणि फडकं घेऊन गेलो. नर्सबाई तोंडाला पदर लावून हसली.

शेक कसला, साधी ऊब लागत नाही. आधी तोंडाचा साचा काढला. तो तोंडावर बसवून टेबलाला आवळतात, मान हलू नये म्हणून. मग बठ्ठे जण खोली सोडून जातात, जाड दार लागतं, आणि मशीन एकटंच घुमतं. औषध इतकं चांगलं तर देणारे पळतात का, हे मी विचारलं, कोणी नीट सांगितलं नाही. काम झालं की साचा भिंतीवरच्या फळीवर. तिथे ओळीने नुसती तोंडं, माणसं नाहीत. एक तोंड बरेच दिवस कोणी खाली काढलं नाही. त्याचं मी विचारलं नाही.

डॉक्टर बोलका. म्हणे परदेशात प्रोटॉन म्हणून वेगळाच शेक आहे, सांगितल्या जागी थांबतो, मागे जात नाही. आणि आपला? आपला आरपार जातो, पण काळजी नको. शेवटी म्हणाला, "आबा, आता आवाजाला सुट्टी द्या." मी मान हलवली. तिथेच चुकलं. गप्प बसतो, एवढंच कबूल करायला हवं होतं. सुट्टी दिली आणि तो गेला.

कुठे गेला ते चुडामण केळी घेऊन जळगावात पिंप्राळ्याला आला तेव्हा कळलं (शेक चालू होता तोवर मी अभिमनकडेच होतो). तो सहज बोलून गेला, नाना, तुम्ही काल मळ्यातून वरडले म्हणून मी खालचं पाणी तोडलं. काल मी इथे बसून पाटीवर 'चहा' लिहीत होतो. (तुझ्या वहिनीला वाचता येत नाही. ती पाटी पाहते, पुसते, आणि लग्नापासून साठवलेलं बोलायला बसते. आता उलट बोलणारा कोणी नाही.)

शेक संपला तसा मी एसटीने गावी आलो आणि भर दुपारी केळीत शिरलो. वारा नाही, पान हलत नाही. पलीकडून माझा आवाज चुडामणला शिव्या देत होता. आणि कुंदे, शिव्या बरोबर होत्या, पाणी खरंच फुटलं होतं. मी पुढे सरकलो, पायाखाली वाळलेलं पान चरचरलं. तो थांबला. मग विचारतो, "कोन शे तठे?"

माझ्याच मळ्यात, मला. मी तोंड उघडलं, नुसती हवा. मी कोण ते सांगायला आवाज लागतो, आणि तो तर तिकडे. मागे फिरलो. एक चप्पल तिथेच राहिली.

आता तोंड दवाखान्याच्या फळीवर, आवाज केळीत, आणि उरलेला मी ओट्यावर. डॉक्टर म्हणतो, गाठ गेली, आवाज हळूहळू परत येईल. कुठून येईल ते बोलला नाही. तुझी वहिनी म्हणते, मनाचे खेळ आहेत. आणि सकाळी स्वतःच केळीकडे तोंड करून "आले, आले" म्हणत निघाली होती. मी पदर धरून थांबवली.

तुझा,
झुलालनाना

ता.क. आखाजीच्या सणाला पितरांच्या घासाची आगारी विस्तवावर टाकताना आजाला, बापाला नाव घेऊन हाक मारावी लागते. कुजबुजून ते लोक काय येतात, जिवंतपणी बोंबललं तरी आले नाहीत. तुझा गळा माझ्यासारखाच, तेव्हा यंदा हाक तू मारायची. बाईने मारली म्हणून कोणाला बोलायचं ते बोलू दे. लवकर ये, कारण चुडामण सांगतो, केळीतला तो आतापासूनच नावं घेतोय. आधी आजाचं, मग बापाचं, मग माझं.

ता.क. दुसरं. अभिमनला सुट्टी नाही, म्हणून यंदा मुराळी होऊन तुला न्यायला मीच येतो. दारातून माझ्या आवाजात कोणी "कुंदे, चाल माहेरले" म्हटलं तर ओ देऊ नको, पिशवी उचलू नको. मी हाक मारणार नाही. कडी वाजवीन.