कंसाच्या आत ठरलेलं

प्रिय अल्फिया,

सगळ्यात आधी आली ती शेजारची बनुबाई, विरजण मागायच्या निमित्तानं. पाव्हणं बघायचं होतं तिला! मग तुला मागणी घालाय कुंडलचं पाव्हणं आलं, पोराची आई, मामू नि आटपाडीची एक खाला. खालानं शेवया दोनदा मागून घेतल्या नि वर म्हणती कशी, जरा गोडच झाल्यात. दाराआड बनुबाई तोंडाला पदर लावून हसली, मलाबी आवरंना.

मी आपली तुझंच कवतिक सांगत बसले. आमची पोरगी साताऱ्यात आयफोनातली अ‍ॅपं करायला शिकती म्हणलं. सुट्टीत तू गॅसपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन ते ऑब्जेक्टिव्ह-सी का काय करत होतीस ना? लाल खूण आली की तोंड एवढंसं व्हायचं तुझं. दादी, ह्याला बेरीज कोण तेच ठावं न्हाई म्हणतंय! मग तुझं तुलाच घावलं. बेरजेचं नाव तू कंसाच्या आत सांगितलं होतंस नि वापरलंस बाहेर. ती ओळ उचलून कंसाच्या वर नेलीस, लाल गेलं. केवढ्यानं वरडलीस गं! मी तिसरीपत्तूर शिकल्याली, पण त्या दिशी मलाबी लय हुशार झाल्यागत वाटलं.

हे सगळं ऐकून खाला म्हणाली, आमच्यात सून नोकरी करत न्हाई. तुझा अब्बा लगीच म्हणाला, शिकणं काय, आजच बंद करतो. मी पोटच्या पोराकडं बघतच राहिले. आतल्या खोलीत साखरबी वाटून झाली. तुला इचारायचं कुणाच्या ध्यानातबी आलं न्हाई. तुझ्या त्या बेरजेगत झालं बघ, सगळं कंसाच्या आत ठरलं नि तू बाहेर.

म्हणून हे लिवते. फोन अब्बाच्या खिशात असतो. बनुबाई उद्या लेकीकडं साताऱ्याला निघाली, तिच्या हाती देते. अब्बा तुला फोन करंल, दादी लय आजारी हाय, असशील तशी निघ म्हणंल. तसंच ठरलंय त्यांचं. मी बरी हाय. आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या. तू येऊ नको. आल्यावर तुला परत कोण जाऊ देणार न्हाई, नि माझं हितं कोण ऐकत न्हाई. उद्या मी खरंच आंथरूण धरलं, तर तुला ते खरं कसं वाटंल, ह्याचा तेवढा घोर लागलाय. तरीबी येऊ नको. पाव्हणं शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की तुला बघायला येतो म्हणून गेलेत.

तुझीच,
दादी