आटगाव ते म्हसा, विमानाने चार मिनिटं

चांगो व्याहीबुवांना आटगावच्या लडकूचा हात जोडून रामराम. इकडे आमी बरे आहोत (आमी म्हणजे मी, बैल आणि कोंबड्या). तुमचा गुडघा आता वळत असेल. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

पत्र धाडतोय, कारण फोन केला की आमची कारभारीण बाईजा तुमच्या हातातून घेऊन कट करते. बोलणीच्या दिवशी तिनं काय अट घातली होती, आठवतं ना? चुलीवर भात टाकून निघालं तर तो शिजायच्या आत लेकीच्या दारात पोचलं पाहिजे, नायतर रविना देणार नाय. सोयरीक मोडायलाच आली होती. तेव्हा मी मोबाइल काढला. त्यात चक्क लिहिलेलं, आटगाव विमानतळ ते म्हसा विमानतळ, छत्तीस किलोमीटर, विमानाने चार मिनिटं. (आता आटगावला कुठला आलाय विमानतळ? आणि तुमच्याकडे विमान उतरवायचं तर आधी जत्रेतले बैल उठवावे लागतील.) मी 'चार मिनिटं' तेवढं मोठ्यानं वाचलं, विमान मनात वाचलं. साखर वाटून झाली.

मग लग्नानंतर पहिल्यांदा लेकीकडे निघालो. या बाईनं खरंच चुलीवर भात टाकला आणि शेजारच्या हौसाला लक्ष ठेवायला बसवलं! शहापूरपर्यंत टमटम. तिथं एसटी दीड तास आलीच नाय. जीप धरली तर किन्हवलीत पंक्चर. सरळगावला तुमच्यासाठी आणलेला कोंबडा सुटला, अख्खा स्टँड त्याच्यामागे. मुरबाडला पोचतो तर म्हशाची गाडी नुकतीच गेलेली. बाईजा प्रत्येक थांब्यावर विचारी, "झाली का हो चार मिनिटं?" पाच तासांनी तुमच्या दारात उतरलो आणि मी खरं सांगून टाकलं. (चूक तिथं झाली.) तेवढ्यात हौसाचा फोन, भाताचा कोळसा झाला.

आमच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाय. म्हणून ही बया तुमच्या अंगणात तीन दगड मांडून, तुमाला भेट आणलेलेच तांदूळ शिजवून खातेय. म्हणते, ते चार मिनिटांचं विमान दारात आणा, मगच येते. आज अठरा दिवस झाले. लाज वाटते हो, पण सरळच सांगतो, मला तिच्याशिवाय करमत नाय. घर खायला उठतं.

काही तरी गोड बोलून तिला गाडीत बसवा, एवढीच विनंती.

तुमचा,
लडकू

ता. क. बोलणीत तुमीच वर म्हणाला होतात, वारा पाठीमागून असला तर तीनच मिनिटं. हे मी बाईजाला अजून सांगितलेलं नाय. बघा बुवा.

आणखी ता. क. राहू द्या, धमकी परत घेतली. आत्ताच रविनाचा फोन आला. आई रोज भात दोघांचा टाकते म्हणे, आणि उरलेला बघत बसते. परवा पहिल्या गाडीनं मीच येतो, तांदळाची दुसरी पिशवी घेऊन. तिला सांगा, पाच तास लागतील. या वेळी सगळं मोठ्यानं वाचलंय.