मेणाचं मीठ

३ मार्च

मेणाच्या पेन्सिली! कागदावर साय पसरावी तसा रंग बसतो. कितीतरी वेळ नुसत्या रेघा ओढत बसलो. सई नाशिकहून दोन डबे घेऊन आली — एक मेणाचा, एक तेलाचा. चारोटीला एसटीतून उतरली तीही डबे छातीशी धरूनच. "पप्पा, दोन्ही वापरून बघा, मग मला सांगा."

चित्र काढायचं ते बाबांचं. त्यांचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. मी सातवीत होतो तेव्हा ते गेले. मनातला चेहरा खरा की मीच रचलेला — हे सांगणारी आता फक्त आई.

९ मार्च

बाबा काळे. मिठागरात उन्हात राबून आणखी काळे. नुसता काळा लावला तर चेहरा मेला. मग आधी तपकिरी, वर जांभळा, वर गडद निळा, शेवटी काळा. मेण सगळे थर पोटात घेतं. गाल जिवंत झाला! एका काळ्या माणसात देवाने किती रंग भरलेत. हात आपोआप जोडले गेले.

१० मार्च

आईला दाखवलं. चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"यो कोण? तलाठी?"

जेवण गेलं नाही. चित्र पेटीत टाकलं.

२२ मार्च

तेलाच्या पेन्सिली कडक. टोक टिकतं. भुवईचा केस न् केस काढता येतो. पण थर कमी घेतात, घाई चालत नाही. जप करावा तसं काम.

६ एप्रिल

झालं. तेलाचं चित्र सुबक झालं!

आई म्हणाली, "नाक त्यांचंच. पण एवढा धुतलेला माणूस मी कधी पाहिला नाही रे. लग्नातसुद्धा नाही!" आणि हसली. मी नाही हसलो. मग तीही थांबली. "आणखी एक काढ. पण लवकर काढ. मलाही आता ते नीट आठवत नाहीत."

दिवा लावताना देवाकडे तेवढंच मागितलं.

१९ मे

काही सुचेना म्हणून पेटी उघडली. मेणाच्या चित्रावर पांढरं! बुरशी — दर्याची हवा, दुसरं काय. सईला फोन लावला.

"बुरशी नाही हो पप्पा! मेण वर येतं. गडद रंगावर जास्त दिसतं. तेलाच्याला नाही होत. कोरड्या मऊ कापडाने हलकं पुसा."

जुन्या धोतराचा तुकडा घेतला. पुसणार, तोच आई मागे.

"थांब!"

चित्र हातातून घेतलं. कपाळ, गाल, गळा — सगळीकडे फिकट पांढरं.

"असेच यायचे. आगरातून. अंगावर मीठ वाळलेलं. आधी मी तोंड पुसायची, मग गरम पाणी द्यायची."

पदराच्या टोकाने, कपाळापासून, हळूहळू तिनेच पुसलं. खालून तोच चेहरा निघाला, ज्याला ती तलाठी म्हणाली होती.

"आले," म्हणाली.

मी काहीच केलं नव्हतं. चित्र पेटीत नुसतं पडून होतं.

२० मे

भिंतीवर लावलं. सई म्हणते, मेण पुन्हा वर येईल, त्यावर मारायचा स्प्रे पाठवते. नको म्हणालो.

११ जून

गालावर पुन्हा पांढरं. आईला सांगायला मागच्या दारी गेलो — तिने आधीच पाणी तापत ठेवलेलं.