नवी निब चालती करताना

प्रिय रोशनीचे बाबा,

तुमाले पत्र लिहायचं काही ठरलं नव्हतं. काल रोशनीसाठी कुरखेड्याहून शाईचा पेन आणला. नवी निब अडते, चार-सहा पानं भरभर लिहिली की चालती होते, हे तुमीच सांगत होते ना? आता ते काम कोण करन? मंग मीच बसली. आधी अ आ इ ई लिहिलं. मंग अंगणवाडीतल्या साऱ्या लेकरांची नावं लिहिली. मंग नुसतं खिचडी, खिचडी, खिचडी लिहून राह्यली होती, तं हसू आलं, आणि हसता हसता रडूच आलं. म्हटलं, एवढी शाई फुकट कायले घालवायची? तुमालेच लिहिते.

आणि पाहा, मी बोलते तसंच लिहीन. "अंगणवाडीबाई, जरा शुद्ध लिहा," असं म्हणायचं नाई. मी तुमच्याशी बोलून राह्यली, परीक्षा नाई देऊन राह्यली.

दुपारची वेळ आहे. अंगणवाडी सुटली. रोशनी धाकट्या भाऊजींच्या बांधीत धानाच्या रोवणीले गेली आहे. परवा तिले गडचिरोलीले जायचं आहे, कॉलेजात. हाव जी, ॲडमिशन झाली! पहिले हेच सांगायले पाहिजे होतं, आणि मी खिचडीचं सांगत बसली.

पण ती जाते का नाई, मले खात्री नाई. पेटी भरून ठेवली आहे, आणि जेवताना उठताना म्हणते, "आई, मी नाई जात." कारण तुमाले माहीत आहे. तिचा हात. बॉलपेन असा दाबते की मागच्या पानावर अक्षर उमटते. तुमी होते तवा नुसतं बोट दुखायचं. तुमी गेल्यावर बारावीचं बोर्ड आलं. इतिहासाच्या पेपराले तिची बोटं आखडली, उघडूनच नव्हती राह्यली. शेवटचे प्रश्न येत होते, सारे येत होते, आणि पोरगी ते कोरे सोडून आली. घरी येऊन तिनं मले नुसता हात दाखवला. मी मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल कोमट करून चोळलं. दुसरं काय करणार होती मी?

"कॉलेजात तं याहून मोठे पेपर असतात, आई. तिथी पण कोरे सोडून येऊ काय?" असं विचारते.

तुमी तिले म्हणाले होते, "शाईच्या पेनाले दाबावंच लागत नाई. कागदावर ठेवला की आपणच चालते. तुले मी असा पेन निवडून देतो, हात दुखणं विसरून जाशील." म्हणाले होते का नाई? मंग? कुठी गेले जी तुमी?

मले खरंच राग येते. आश्रमशाळेतून दहावी पास होणाऱ्या एकेका पोराले तुमी एसटीत बसवून कुरखेड्याले नेलं. पोराले म्हणायचे, "तुही स्वतःची वही घे, दुकानातला कागद नको. तुले ह्याच कागदावर लिहायचं आहे." मंग दुकानात तासभर! निब शाईत बुडवायची, पोराले त्याचं नाव लिहायले लावायचं, पान उलटून पाहायचं, शाई मागं फुटली का? पसरली का? दुकानदार चहा पिऊन यायचा, तरी तुमचं चालूच. महाग पेनाले तं तुमी हात लावू देत नव्हते. "होस्टेलात हरवला तं पोरगं रडत बसन. शिकन कवा?" आणि घेतला की पोराले लगेच द्यायचे नाई. दोन दिवस स्वतः पानं भरायचे, निब चालती करायचे, मंग त्याच्या खिशाले लावून द्यायचे.

रोशनी हे सारं दारात उभी राहून पाहायची. "बाबा, माझा कवा?"

"तू कॉलेजात जाशील तवा."

काऊन थांबले जी? साऱ्या गावाच्या लेकरांसाठी वेळ होता, आणि आपल्या पोरीलेच तेवढं कवा, कवा? आठवीत दिला असता तं काय बिघडलं असतं? आज माझ्यावर ही पाळी आली नसती. तुमाले वाटलं असन, आपलीच आहे, घरीच आहे, होईन कवाही. मले पण तसंच वाटत होतं. एवढ्याशा तापानं माणूस असा निघून जाते, हे कोणाले माहीत होतं?

तुमचा पेन घरात असता तं तोच दिला असता. पण तो तुमच्यापाशी आहे. आपल्यात माणसाच्या रोजच्या वापरातलं त्याच्यासोबत देतात, ते मी काय नवं पाहून राह्यली होती? मामंजींसोबत कुऱ्हाड दिली, तंबाखूची डबी दिली. तुमच्या वेळी भाऊजी म्हणाले, "दादाचं हत्यार म्हणजे पेन," आणि तुमच्या खिशाले लावला. बरोबरच केलं. सारे रडून राह्यले होते, मी पण मान हलवली. माती देताना रोशनीकडं पाह्यलं, तं ती तुमच्या तोंडाकडं पाहूनच नव्हती राह्यली. खिशाकडं पाहून राह्यली होती.

तवापासून ते डोळे मले दिसतात. तिनं एका शब्दानं विचारलं नाई, आणि विचारलं असतं तरी मी काय केलं असतं? दिलेलं मागता येते काय? एकदा तुमाले माती दिली तिकडून सरपण घेऊन येत होती तं पाय आपोआप थांबले. मनात काय आलं ते तुमाले सांगत नाई. तुमी समजून घ्या, आणि कोणापाशी बोलू नका.

काल गेलो कुरखेड्याले, दोघी. तुमी करायचे तसंच सारं केलं. तिची वही नेली. दुकानदारानं पहिले मखमलीच्या डबीतला सोनेरी पेन काढला. "गिफ्ट पॅक करून देऊ का?" म्हटलं, "बाप्पा, वरात नाई आमची, पोरगी कॉलेजात चालली आहे. रोज लिहायचा साधा दाखवा." मंग त्यानं पाच-सहा पेन टाकले समोर. आणि मी बसली ना तशीच! काळा, निळा, हिरवा, एवढंच मले दिसत होतं. निब बारीक पाहिजे का जाड, मले काय माहीत? अंगणवाडीत आता मोबाइलवर माहिती भरतो आमी, अंगठ्यानं.

आणि त्यात आपली पोरगी डावरी. जाड निबेची शाई वाळायच्या आधीच तिचा तळहात त्यावरून फिरला, सारं नाव पुसलं. बारीक घेतली तं ती कागदात रुतली, करकर, करकर. तुमीच सांगतलं होतं ना, आपण पेन ओढतो, डावरं माणूस ढकलते? ते आठवलं. पण आठवून करू काय? ढकलणाऱ्या हाताले कोणती निब लागते ते तुमी सांगतलंच नाई! का सांगतलं होतं, आणि मी चुलीकडं पाहून हाव हाव करत होती?

दुकानदार म्हणाला, "ताई, एखादा घेऊन टाका ना, सारे सारखेच असतात." मी त्याच्यावर भडकली. "सारखे असते तं तिचा बाप इथी तास-तास बसला असता काय?" त्यानं मले नीट पाह्यलं. ओळखलं. "गुरुजींच्या घरच्या काय?" म्हणाला, आणि स्टूल पुढं सरकवलं.

शेवटी रोशनीनंच एक उचलला. हलका, साधा प्लास्टिकचा, आतली शाई बाहेरून दिसते असा. निब मधली. परवडण्यासारखा होता. दोन ओळी लिहून म्हणे, "हा बरा वाटते, आई. थोडा अडते."

दुकानदार म्हणाला, "नवा आहे, चालवला की सुटन."

हे ऐकून मले एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दुकानात जे जे झालं त्यातली ही एकच गोष्ट मले येत होती. म्हटलं, "हाव. तिचे बाबा पण आधी चालवूनच द्यायचे. मी चालवून देते." रोशनी माझ्याकडं पाहून राह्यली. मले वाटलं, पोरीले बरं वाटलं.

म्हणून अंगणवाडी सुटल्यापासून लिहून राह्यली आहे. आणि सुटला जी पेन! पाहा ना, पहिल्या पानावर अक्षर तुटून राह्यलं होतं, आता कसं पाण्यासारखं चाललं आहे. तुमाले दाखवावं असं वाटते. अजून लय सांगायचं आहे. छपराचं सांगायचं आहे, भाऊजींच्या मोठ्या पोराचं लग्न जमलं ते सांगायचं आहे, तुमची सायकल

थांबा, रोशनी आली वाटते.

हे पुढचं बॉलपेननं लिहून राह्यली, नाक मुरडू नका.

रोशनी चिखलाच्या पायानं दारातच उभी राह्यली. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "ये, पाय धू आणि पाहा तुहा पेन कसा चालते ते." तिनं पानं पाह्यली. एवढी सारी. म्हणे, "हे सारं तू लिहिलं?"

"मंग कोणं?"

"उजव्या हातानं?"

"मले काय डावा हात चालते?"

ती खाली बसली. लय हळू बोलली, जशी मीच लहान आहे. "आई, आश्रमशाळेत एक डावरा पोरगा होता, त्याचा पेन बाबांनी चालवला नव्हता. त्याले म्हणाले होते, तूच लिही रे, निब लिहिणाऱ्याच्या हातावर बसते, मी लिहिलं तं ती माझ्या बाजूनं झुकन. मी तिथीच होती."

एक गोष्ट, एकच गोष्ट मले येते असं वाटलं होतं, आणि तीच चुकली. विचारलं, "खराब झाला काय गं?" तं म्हणे, "माहीत नाई. एवढ्यानं काही होत नसन." तिले माहीत नाई, मले माहीत नाई. ज्याले माहीत होतं त्याले विचारायचं कसं?

मंग ती म्हणाली, "तू बाबाच्या पेनाचं मनाले लावून घेतलं ना? तो राह्यला असता तरी मले चालला नसता. तो बाबाच्याच हातावर बसला होता." मले वाटत होतं पोरगी माझ्यावर रुसून आहे. ती माझीच समजूत काढून राह्यली होती.

मी टोपण लावलं आणि पेन तिच्यापुढं ठेवला. म्हणाली, "तुहं पत्र पुरं कर ना, आई. बाबाले सांगायचं असन." म्हटलं, नाई. मी ह्या पेनानं जितकं तुमच्याशी बोलीन, तितकी ती निब माझ्या बाजूनं झुकन. लय सांगायचं होतं जी. राहू द्या.

तिनं विचारलं, "मी काय लिहू पण? एवढी पानं कायनं भरू?" म्हटलं, बाबाले लिही.

आता ती दारात उजेडाले बसली आहे. मनगट वाकडं करून, पेन ढकलत ढकलत लिहून राह्यली आहे. मधून मधून अडते. मले काही करता येत नाई, नुसती ऐकून राह्यली आहे. पण एक सांगते, हात अजून झटकला नाई तिनं.

तुमाले वचन देते. तिच्या पेनाले मी पुन्हा हात लावणार नाई. परवा तिले एसटीत बसवीन, आणि तिथी पेन अडला, बोटं आखडली, कोरा पेपर सोडून आली, तं तेल चोळीन आणि पुन्हा पाठवीन. घरी बसू देणार नाई. आणि मले काही येत नाई, हे तिच्यापासून लपवणार नाई.

तिचं पत्र मी वाचणार नाई. तुमीच वाचून घ्या. त्यात माझी तक्रार असन, तं ती खरी समजा.

तुमची,
जैवंता